कानाची आई

सोन-कुलच्या काठावर दुपारी वारा पडला की तळं निपचित होतं. डोंगर उतरून पाण्यात झोपल्यासारखे दिसतात आणि मेंढ्या गवतावर चरतायत की आभाळात, ते कळेनासं होतं. खालून आलेली नवखी माणसं अशा वेळी हळूच म्हणतात, "काय शांत आहे इथं!" झुराकान नुसती हसायची. शांतता कशी असते ते ती सतरा वर्षांपूर्वीच विसरली होती. तिच्या दोन्ही कानांत करपलेल्या गवतातले किडे किरकिरत असायचे. उन्हाळा असो की गुडघाभर बर्फ, किड्यांना त्याचं काही नव्हतं.

आधी ती त्या आवाजाला घाबरली, मग त्याच्यावर चिडली, आणि मग घरातल्या एखाद्या बडबड्या माणसाला सोसावं तसं तिनं त्याला सोसलं. चामड्याच्या पिशवीत घोडीचं दूध घुसळताना कधी डोळा लागायला आला की तिला वाटायचं, किडे आपल्या कानात नाहीतच. आपणच त्या किरकिरीत राहतोय, मासे तळ्यात राहतात तसे. उजव्या कानानं तिला ऐकूही कमी यायचं. नवरा एसेनगुल म्हणायचा, "मी बोललेलं एक ऐकू येत नाही, आणि नसलेलं सगळं ऐकू येतं. अशी बायको मिळायला नशीब लागतं!"

त्या जुलैत एक करडी गाडी धूळ उडवत कुरणावर आली. गाडीतून उतरली ती जिपारा नावाची कानाची डॉक्टर, पस्तिशीची, बिश्केकहून आलेली, घाटातल्या वळणांनी तोंडाचं पाणी पळालेली. ती तंबू-तंबूत जाऊन विचारत होती, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचा कान वाजतो, घरात आणखी कुणाचा वाजायचा. ज्यांचा वाजतो त्यांना ती एका नळीत थुंकायला सांगायची.

"राजधानीतून इतक्या लांब आमची थुंकी न्यायला आलात?" एसेनगुल म्हणाला. "निरोप धाडला असतात तर बादली भरून पाठवली असती."

"बादलीभर नको, भाऊ. नळीभर द्या, पण खरी द्या," जिपारा म्हणाली आणि किमिझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा तिनं एका दमात संपवला. तेव्हाच ती सगळ्यांना आवडली.

झुराकाननं नळी भरून दिली. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर कागद घेतला आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं विचारलं.

"एजे, कान कधीपासून वाजतोय?"

"मेंढ्यांचा ताप आला होता मला, सत्त्याण्णव साली. आमच्या कंपाउंडरनं, मोल्दोकेनं, चौदा सुया टोचल्या. दहाव्या सुईला किडे आले ते आलेच."

"स्ट्रेप्टोमायसिन होतं का?"

"नाव कुणाला ठाऊक! ढुंगण मात्र अजून विसरलेलं नाही."

जिपारा हसली, पण तिचं पेन थांबलं. ती जरा पुढं सरकून बसली. "एजे, नीट ऐका. कान वाजण्याची कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेकदा थोडं रक्तातलं, थोडं आयुष्यातलं असं मिळून ते होतं. पण काही घराण्यांत एक सरळ गोष्ट असते. शरीराच्या पोथीत एक बारीक अक्षर चुकलेलं असतं. एरवी ते काही करत नाही, काहींचा सगळा जन्म निघून जातो. पण हे औषध अंगात गेलं की आतले कान जळतात. ते अक्षर आईकडूनच येतं. बाप देऊच शकत नाही. म्हणून विचारते, तुमच्या आईला कधी या सुया दिल्या होत्या?"

"दिल्या होत्या," झुराकान म्हणाली. "माझ्याबरोबरच. एकाच मेंढीपायी आम्ही दोघी आजारी पडलो. तिलाही चौदा."

"आणि तिचे कान?"

"आपाचे? चार वर्षांपूर्वी गेली, तोवर कुत्र्याच्या आधी तिला लांडगा ऐकू यायचा."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी खोडलं. "मग आईकडून आलेलं दिसत नाही. तुमच्याच कानांना औषध सोसलं नसेल. थुंकी तपासून पानगळीत काय ते कळवीन, पण मुलांची काळजी करायचं कारण दिसत नाही. आईचं नाव?"

एसेनगुल खाकरला. झुराकाननं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सोनुनबुबू," ती म्हणाली.

गाडी तळ्याच्या काठाकाठानं पुढच्या तंबूंकडे गेली. आणखी दोन दिवस ती तिकडेच असणार होती.

झुराकान खोटं बोलली नव्हती. सोनुनबुबू तिची आपाच, आईच, होती. पण सोनुनबुबूच्या पोटी कधी मूल झालं नव्हतं. तिच्या थोरल्या दिराची बायको बात्माकान चौथ्यांदा बाळंत झाली आणि बाराव्या दिवशी ते मूल सोनुनबुबूच्या ओटीत आलं. भावाचं घर सुनं असेल तर आपल्यातलं एक द्यायचं, ही रीतच होती. त्याचं कुणी नवल करत नसे आणि त्यावर कुणी बोलतही नसे. झुराकान सात वर्षांची असताना गोवऱ्या वेचायला गेली होती, तेव्हा एक मुलगी तिला म्हणाली, "तू चोंग आपाची आहेस. तीन पोरींवर चौथी पोर झालीस म्हणून देऊन टाकली." घरी येऊन तिनं गोवऱ्या रचल्या, हात धुतले, जेवली, आणि कुणाला काही विचारलं नाही.

तेव्हापासून ती बात्माकानला सगळ्यांसारखीच चोंग आपा, थोरली आई, म्हणायची. सणाला तिच्या हातावर पाणी घालायची, मटणाचा चांगला तुकडा तिच्यापुढं ठेवायची, पण शेजारी बसायची नाही. बात्माकानही कधी जवळ बोलवायची नाही. ती ठार बहिरी होती, झुराकानला कळायला लागल्यापासून बहिरीच होती, आणि बहिऱ्या माणसाला न बोलण्याचं कारण शोधावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मोल्दोकुल कंपाउंडर, ज्याला सगळे मोल्दोके म्हणत, घोड्यावरून वर आला. झुराकानची लेक बेगाइम हिच्या अंगात ताप महिनाभर येरझाऱ्या घालत होता. ताप यायचा, सांधे धरायचे, घामानं गोधडी भिजून ओल्या नमद्यासारखा वास यायचा, मग दोन दिवस बरं वाटायचं. ती बावीस वर्षांची, नारीनला दाईचं शिकत होती. पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायचा लाकडी कर्णा तिनं सुट्टीतही बरोबर आणला होता आणि माणूस मिळेना तेव्हा तो गाभण घोडीला लावून बसायची. वसंतात एका मेंढीचं मेलेलं कोकरू तिनं उघड्या हातांनी ओढून काढलं होतं. तिचं रक्त खाली तपासायला गेलं होतं.

"तोच ताप," मोल्दोकुलनं कागद पुढं केला. "गोळ्या आणि सुया. सुया आणल्यात. आज मला पलीकडच्या तंबूत एक हात मोडलेला बघायचाय. उद्या सकाळी येऊन पहिली टोचतो."

त्यानं सुयांची पेटी तंबूच्या पेटाऱ्यावर ठेवली आणि तो गेला. पेटी लहानशीच होती. झुराकान तिच्यासमोर बसून राहिली. दुपारचं ऊन तंबूच्या डोक्यावरच्या झरोक्यातून खाली उतरलं, नमद्यावरून सरकत पेटीवर आलं, पेटीवरून बेगाइमच्या केसांवर गेलं. बेगाइम झोपेत ओठ हलवत होती. कर्ण्यातून ठोके मोजतात तसे ते ओठ मोजत होते. किडे किरकिरत होते, किरकिरत होते.

"सांगून टाक की," एसेनगुल दारातून म्हणाला.

"काय सांगू?"

"तुला कुणी जन्म दिला ते. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे."

"माहीत आहे. पण बोललंय का कुणी तोंडानं? आपानं मरताना माझा हात धरला. म्हणाली, 'झुरा, तुझ्या तोंडून आपा म्हटलेलं मीच ऐकलं, मला आणखी काही नको.' आता जाऊन कागदावर दुसरीचं नाव लिहू?"

"कागदाचं मला कळत नाही," एसेनगुल म्हणाला. "मला पोरीचे कान कळतात."

झुराकानला एवढं मात्र समजत होतं, की बात्माकानचे कान कशानं गेले हे तिनं कधी विचारलेलंच नव्हतं. म्हातारपणानं गेले म्हणावं, तर तेव्हा ती म्हातारी नव्हती.

उजाडता उजाडता तिनं घोड्यावर खोगीर घातलं. "मोल्दोके आला तर त्याला किमिझ पाज," ती नवऱ्याला म्हणाली. "मी येईपर्यंत पाजत राहा."

तळ्यावर धुकं होतं. घोड्याचे पाय धुक्यात बुडाले होते, त्यामुळे तो चालतोय की वाहतोय ते कळत नव्हतं. पाणथळीतून क्रौंच उठले. त्यांची तोंडं उघडलेली दिसली, पण आवाज तिच्यापर्यंत अर्धाच आला, जणू कुणी दुसऱ्याच्या स्वप्नात ओरडत होतं. तिला आठवलं, किडे आले त्या पहिल्या दिवशी ती बाहेर जाऊन गवत उपटत बसली होती, ते सापडावेत म्हणून. तेव्हा मार्चचा बर्फ होता आणि गवत नव्हतंच. सोनुनबुबूनं तिला हाताला धरून आत आणलं, तिच्या कानांवर आपले दोन्ही तळवे ठेवले आणि बराच वेळ तशीच बसली. त्या तळव्यांची ऊब तिला आत्ता, घोड्यावर, पुन्हा कानांना लागली. मग ऊन आलं, धुकं फाटलं आणि पलीकडच्या काठावरचे तीन तंबू दिसले.

बात्माकान तंबूबाहेर लोकर पिंजत बसली होती. बहात्तर वर्षांची, वाळलेल्या जर्दाळूसारखी. तिची सून ताझागुल चुलीवर बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होती आणि दोन शेजारणी उगाच आल्या होत्या. झुराकान उतरली, सगळ्यांची ख्यालीखुशाली झाली, आणि मग ती पहिल्यांदाच बात्माकानच्या अगदी शेजारी बसली.

"चोंग आपा, तुमचे कान कधी गेले?"

"हं?"

"तुमचे कान! कधी गेले?"

"कोण गेलं?" बात्माकान दचकली. "बरा होता ना तो?"

शेजारणींनी तोंडं फिरवली. जी गोष्ट अठ्ठेचाळीस वर्षांत कुणा मोठ्या माणसानं कुजबुजलीही नव्हती ती आता डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडायची होती. दुसरा इलाज नव्हता. झुराकाननं म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं.

"तुझे कान! कशानं बहिरी झालीस तू? सुया दिल्या होत्या का तुला? मला कळायला पाहिजे! मी तुझ्या पोटची आहे म्हणून कळायला पाहिजे!"

तेलात टाकलेला बोर्सोक ताझागुलनं उलटलाच नाही. तो काळा झाला. एक शेजारीण म्हणाली, "आमच्या वासरांकडे बघायला हवं," आणि जागची हलली नाही.

बात्माकाननं लोकर खाली ठेवली. तिनं झुराकानच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं, की तिला ऐकू गेलं की नाही तेच कळेना. मग ती बोलली. बहिऱ्या माणसांसारखं मोठ्यानं नाही, अगदी हळू.

"क्षय होता मला. तू पोटात होतीस तेव्हाच खोकल्यात रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, लेकरू जवळ ठेवलंस तर तेही जाईल. बाराव्या दिवशी तुला सोनुनबुबूकडे दिलं आणि मला फ्रुंझेजवळच्या, आता बिश्केक म्हणतात त्याच्याजवळच्या, दवाखान्यात नेलं. रोज सुई. कितीतरी महिने. तिसऱ्या महिन्यात कानात पाणी वाजायला लागलं, बर्फाखालून ओढा वाहतो ना, तसं. मला वाटलं, घरची आठवण येतेय म्हणून वाजतंय. आपला ओढा वाजतोय. बरं वाटायचं मला. मग हळूहळू ओढाच राहिला, बाकी सगळं गेलं."

म्हातारी पुढं म्हणाली, "दीड वर्षानं परत आले. तुला मागायला गेले होते मी. सोनुनबुबू 'ने' म्हणाली. तिचा चेहरा मेलेल्या माणसासारखा झाला होता, पण ती म्हणाली, 'ने.' मी तुला उचललं. तू तिच्याकडे हात पसरलेस. तुझं तोंड उघडं होतं, लाल, आतली पडजीभ दिसत होती. आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसता ओढा. मला वाटलं, जिचं रडणं मला ऐकू येत नाही तिला रात्री मी कशी उठणार? परत दिलं तुला."

"एक पोरगी म्हणाली होती, चौथी मुलगी झाले म्हणून दिलंस." झुराकान हे ओरडली नव्हती, पण म्हातारीनं ओठ वाचले.

"तुझा बाप तसं म्हणाला होता," ती म्हणाली. "मुलगा असता तर त्यानं परत आणला असता, मी बहिरी असले तरी. तेही खरं आहे. मी का खोटं बोलू?"

झुराकानला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिनं बात्माकानचा हात धरला. तो लोकरीच्या तेलानं मऊ झालेला होता. दोघी तळ्याकडे तोंड करून बसल्या.

"तुझ्यात काय वाजतं?" बात्माकाननं विचारलं.

"किडे! गवतातले!"

"अगं बाई," म्हातारी म्हणाली. "माझं बरं आहे मग."

ताझागुलला हसू फुटलं, मग शेजारणींना, आणि मग झुराकानलाही. म्हातारी मात्र हसली नाही. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

करडी गाडी कोळ्यांच्या वस्तीजवळ सापडली. जिपारा एका म्हाताऱ्याच्या कानात उजेड टाकून पाहत होती.

"कागद दुरुस्त करायचाय," घोड्यावरूनच झुराकान म्हणाली. "मला दोन आया आहेत. सोनुनबुबू माझी आपा. ते नाव खोडायचं नाही. पण कानाची आई बात्माकान. तिला सुया दिल्या, तिसऱ्या महिन्यात कान वाजले, आता ठार बहिरी आहे. आणि माझ्या लेकीला आज पहिली सुई टोचणार आहेत."

जिपारानं उजेड विझवला. "घोडा इथंच बांधा," ती म्हणाली. "गाडीत बसा."

गाडी खड्ड्यांतून उडत गेली. तंबूत मोल्दोकुल गादीवर टेकून लाल चेहऱ्यानं बसला होता. त्याच्यासमोर नववा वाडगा होता आणि एसेनगुल दहावा भरत होता. सुयांची पेटी बंदच होती.

"तीस वर्षं टोचतोय मी," मोल्दोकुल सगळं ऐकून म्हणाला. "कुणाचे कान गेले नाहीत. या औषधानं अर्धं खोरं जगलंय."

"खरं आहे," जिपारा म्हणाली. "हजारात एखाददुसऱ्यालाच होतं. पण ते हजारातले इथं बसलेत, मोल्दोके. या मुलीला दुसरी औषधं देऊ. गोळ्याच, पण जास्त दिवस."

मोल्दोकुलचं लक्ष झुराकानकडे गेलं. त्याचा वाडगा हातातच राहिला. "म्हणजे तुझे कान," तो म्हणाला, "मी..."

"तुम्ही माझा ताप घालवलात," झुराकान म्हणाली. "बेगाइम तेव्हा पाच वर्षांची होती. मी मेले असते तर तिला कुणी वाढवलं असतं? प्या ते."

तो प्यायला नाही. वाडगा खाली ठेवून तो उठला, सुयांची पेटी घेतली आणि बाहेर जाऊन बराच वेळ घोड्याचा पट्टा आवळत उभा राहिला.

बेगाइमनं सहा आठवडे गोळ्या घेतल्या. त्यांनी तिच्या पोटात आग पडायची, ती उलट्या करायची आणि आईला शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या आई ऐकते न ऐकते तोवर पुन्हा झोपायची. ऑगस्टच्या शेवटी ताप गेला. कुरण सोडून सगळे खाली उतरायच्या आदल्या दिवशी तिनं कर्णा घोडीच्या पोटाला लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. सगळे गप्प बसले. झुराकान तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, त्या चेहऱ्यावर ठोके उमटताना दिसत होते.

ऑक्टोबरात कोचकोरच्या घरी जिपाराचा फोन आला. थुंकीत ते अक्षर सापडलं होतं. मागून घेतलेल्या बात्माकानच्या आणि बेगाइमच्या थुंकीतही. "तुमच्या आईच्या सगळ्या लेकींना आणि त्यांच्या सगळ्या मुलांना कळवावं लागेल," ती म्हणाली. "हे औषध कधीच घ्यायचं नाही, असं लिहून जवळ ठेवायचं. मी कळवू, की तुम्ही?"

"मीच कळवते," झुराकान म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय बोलून बसलो.

तीन बहिणी. एक तलासला, एक ओशला, एक मॉस्कोत एका धोबीखान्यात कामाला. लग्नाकार्यांत भेटलेल्या, एजे म्हणून हाक मारलेल्या. फोन कधी केलेला नव्हता. तिनं आधी थोरल्या अनारकानला लावला, डाव्या कानाशी, नीट ऐकू यावं म्हणून.

"अनारकान एजे, मी झुराकान. आपल्या आईबद्दल बोलायचं होतं."

पलीकडून भांड्याचा आवाज आला.

"आपल्या म्हणालीस?" अनारकान म्हणाली. "थांब जरा. दूध उतू जातंय, ते उतरवते. ठेवू नकोस हं फोन. ठेवू नकोस."

"नाही ठेवत," झुराकान म्हणाली आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून बसली.